क्वर्की म्हणून गाजलेली जोडी : एका कौतुकाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या दोघा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं आहे. त्यांची नावं, गाण्यांची नावं आणि ज्यांनी लिहिलं त्यांची नावं गाळली आहेत. दोघांनी हा मजकूर वाचला आहे. एका ठिकाणी तिने पेन्सिलीने ‘हे इतकं नको’ असं लिहिलं होतं, तिथला मजकूर कमी केला आहे. मी त्यांचा मित्र. हिशेब ठेवणं, पत्रव्यवहार करणं आणि गाडी चालवणं ही माझी कामं. पुढे जे चुकलं त्यातला बराच वाटा माझा आहे, तो योग्य जागी येईल.

तिला मी ‘गायिका’ म्हणेन आणि त्याला ‘पेटीवाला’. पेटी तो फारशी वाजवत नाही, पण कॉलेजात पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

पार्श्वभूमी

दोघं भेटली पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत. एकांकिकेचं पार्श्वसंगीत करणारी दोन डोकी. प्रेक्षकांना ती कधी दिसली नाहीत. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत मांडी घालून बसायची आणि डबे, झाकणं, सायकलची घंटी असं हाताला लागेल ते वाजवायची. बक्षीस मिळालं नाही, पण सवय लागली. पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली, तो एका बँकेच्या संगणक विभागात लागला. रविवारी भेटून गाणी करणं चालूच राहिलं.

वाद्यं कोणती? जुन्या बाजारातून आणलेलं एक बुलबुल तरंग (तारांवरची बटणं दाबून वाजवायचं वाद्य), तिच्या भाच्याचा टाकून दिलेला खेळण्यातला कीबोर्ड, पोह्याचे दोन डबे आणि एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा. गाण्यांचे विषय सोसायटीतल्या जिन्याएवढे : टाकीचं पाणी गेल्यावर एकमेकांना केलेले फोन, बसमध्ये राहिलेली छत्री, ऐकू येण्याचं यंत्र काढून ठेवणारी आजी. शब्द मराठी, त्यातही पेठांतल्या बोलण्याचे.

बुलबुल तरंगाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढे त्यावर फार लिहिलं गेलं. हे वाद्य मूळचं जपानी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागोया शहरात तयार झालं आणि आपल्याकडे येऊन कव्वालीत, लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत मिसळून गेलं. मुंबईकर ज्याला ‘बेंजो’ म्हणतात तो ह्याच घराण्यातला. विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कुणालाही ते विक्षिप्त वाटणार नाही. ज्याने ते पहिल्यांदा मोठ्या शहरातल्या कॅफेत, मंद दिव्याखाली पाहिलं, त्याला मात्र वाटतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये पाच गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा संच, आली. तिच्या खोलीत, कपाटांवर गोधड्या टाकून, पंखा बंद ठेवून मुद्रित केलेली. वितरण करणाऱ्या एका ऑनलाइन सेवेमार्फत ती सगळीकडे चढवली. सोबत एक पानभर टिपण संगीतावर लिहिणाऱ्या वीसेक जणांना पाठवलं. हे टिपण लक्षात ठेवा.

कौतुक

तीन महिने काही झालं नाही. मित्रांनी ऐकलं, मित्रांच्या मित्रांनी ऐकलं. डिसेंबरात वर्षअखेरच्या याद्या सुरू झाल्या. एका इंग्रजी मासिकातल्या समीक्षकाने ही ईपी वर्षातल्या लक्षणीय कामांत धरली. मग दुसऱ्याने लिहिलं, आणि जानेवारीत एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत अर्धं पान आलं. फोटोत पेटीवाला डब्यावर, गायिका मागे, थोडी अस्पष्ट.

एकूण सहा लेख झाले. सगळे स्तुतीचे. एकानेही नाक मुरडलं नाही. दोघांच्या घरी पेढे आले. गायिकेच्या आईने पुरवणीचं पान लॅमिनेट करून घेतलं.

मला मात्र कामाची सवय म्हणून सहाही लेख एका कागदावर मांडून बघावेसे वाटले. सहापैकी सहा लेखांत खेळण्यातला कीबोर्ड पहिल्या परिच्छेदात होता. पाच लेखांत डबे होते. शब्दांबद्दल चार जणांनी लिहिलं होतं, चालींबद्दल दोघांनी, आणि त्या दोघांनीही चाली पेटीवाल्याच्या म्हटल्या होत्या. ‘क्वर्की’ हा शब्द, किंवा त्याचा मराठी चुलतभाऊ असलेला ‘विक्षिप्त’ नाहीतर ‘खट्याळ’, सगळीकडे होता. आवाजाला ‘निरागस’ म्हटलं होतं.

आता वस्तुस्थिती. चाली तिच्या आहेत, पाचही. शब्द त्याचे आहेत.

आणि निरागसपणाबद्दल एक उदाहरण. छत्रीचं गाणं रूपक तालात आहे, सात मात्रांचं, तीन-दोन-दोन. खेळण्यातल्या कीबोर्डवर रूपक कुठून असणार? त्यात तयार ठेके : वॉल्ट्झ आहे तीनचा आणि रॉक आहे चारचा. तिने वॉल्ट्झचं एक आवर्तन आणि रॉकचं एक असे तुकडे कापून एकापुढे एक जोडले आणि सात केले. एवढ्यावर भागलं नाही. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीची, तिथे तबल्याचा डग्गा घुमत नाही, आणि वॉल्ट्झच्या नेमक्या पहिल्याच मात्रेला बास धपकन पडतो. म्हणून तिने प्रत्येक आवर्तनातला तो पहिला धपका कापून काढला आणि चौथ्या मात्रेवरचा ठेवला. ह्यात तिचे तीन रविवार गेले. लेखात ह्या गाण्याबद्दल आलं ते असं की लहान मुलाने बटणं दाबत बसावं तशी ह्याची गंमत आहे.

सहा लेखकांपैकी कुणीही वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. सगळ्यांना गाणी मनापासून आवडली होती. म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं. टीका झाली तर माणूस सावध होतो, स्तुतीपुढे कोण सावध होणार?

अडचण

अडचण एकदम समोर आली नाही. फेब्रुवारीत तीन फोन आले.

पहिला एका जाहिरात संस्थेचा. बिस्किटांची जाहिरात होती. त्यांना गाणं नको होतं, ‘तो डब्यांचा आवाज’ हवा होता, तीस सेकंद. दुसरा एका ध्वनिमुद्रण कंपनीचा : तीन अल्बमांचा करार. तिसरा डिसेंबरातल्या एका खुल्या मैदानावरच्या महोत्सवाचा, चाळीस मिनिटांसाठी. ह्या जोडीकडे तेव्हा बावीस मिनिटांचं संगीत होतं.

तिन्ही फोन पेटीवाल्याला आले होते. जाहिरातवाल्याने तर विचारलं, “गाणाऱ्या मॅडम लागणार नाहीत, चालेल ना?”

तो हे हसत सांगत होता. ती हसली नाही. म्हणाली, “अरे, चाल माझी आणि फोन तुला. तू त्यांना सांगितलंस का?” त्याने सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नव्हतं, असं तो म्हणाला, आणि माझ्या मते ते खरं होतं. पण त्या रविवारी गाण्याचं काम झालं नाही.

दुसरी अडचण पैशाची. सहा लेख आले म्हणून ऐकणारे वाढले, पण लेखांच्या मानाने फार थोडे. स्ट्रीमिंगचं वर्षभराचं उत्पन्न चार आकड्यांत राहिलं, तेही खालच्या टोकाला. बुलबुल तरंगाच्या तारा, माइक आणि मुंबईच्या दोन फेऱ्या धरल्या तर कौतुकाच्या वर्षात दोघांचे खिशातले पैसे गेले. पुढे २०२४ पासून स्पॉटिफायने नियमच केला की मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन नाही. आजीचं गाणं त्यात सापडलं. पुरवणीतल्या लेखकाने सगळ्यात वाखाणलेलं गाणं तेच.

समोरचे पर्याय

मार्चमध्ये आम्ही तिघं टिळक रस्त्यावरच्या एका हॉटेलात बसलो आणि बिलाच्या पाठीमागे पर्याय लिहिले. तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर चहाचा गोल डाग आहे आणि चारच ओळी :

लाट आहे तोवर तशीच आणखी पाच गाणी. करार. महोत्सव. काहीच नको.

पाचवी ओळ नंतर, वेगळ्या पेनने : ‘चुकीचं छापलंय ते दुरुस्त करायचं का?’ अक्षर तिचं.

पेटीवाल्याचं मत पहिल्याकडे झुकत होतं. त्याचं म्हणणं, लोकांना डबे आवडलेत तर डबे देऊ, लोकांना कशाला कोड्यात टाकायचं. हे मत हलकं समजू नये. बँकेत नोकरी करून रविवारी गाणी करणाऱ्या माणसाला सहा लेख पुन्हा येतील याची काय खात्री? लाट गेली की गेली.

ती म्हणाली, “मला पुढची दोन गाणी नुसत्या तानपुऱ्यावर दिसतायत.” त्यावर तो गप्प झाला.

मी मध्ये एक दाखला दिला, जो मला फार समर्पक वाटत होता. अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये १९८२ पासून ‘दे माइट बी जायंट्स’ नावाची जोडी आहे. दोघांचंही नाव जॉन. एकाच्या गळ्यात ॲकॉर्डियन, दुसऱ्याच्या गिटार आणि मागे टेपवर तालयंत्र. नवी गाणी ते टेलिफोनच्या आन्सरिंग मशीनवर ठेवायचे; नंबर फिरवला की गाणं ऐकू यायचं. समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि ‘विनोदी’, ‘विचित्र’ ही विशेषणं त्यांच्याही मागे लागली. १९९० मध्ये मोठ्या कंपनीकडून त्यांचा अल्बम आला. १९९४ च्या अल्बमात त्यांनी टेप बंद करून पूर्ण वाद्यवृंद घेतला. जुन्या चाहत्यांतले काही कुरकुरले. जोडी टिकली, पुढे लहान मुलांसाठी अल्बम केले, ग्रॅमीही मिळालं.

“म्हणजे त्यांनी बदलायला बारा वर्षं घेतली,” गायिका म्हणाली. “आणि आपल्याकडे बावीस मिनिटं आहेत.”

दाखला तिथेच संपला. परक्याच्या यशाचे दाखले चहाबरोबर छान लागतात, एवढंच.

पहिला निर्णय : दुरुस्ती मागायची की नाही

तीन मार्ग होते. सोडून द्यावं. सोशल मीडियावर उघड लिहावं. किंवा सहा जणांना खासगीत पत्र पाठवावं.

सोडून द्यावं असं पेटीवाल्याचं मत होतं. “स्तुती करणाऱ्याला चूक दाखवणं बरं दिसत नाही,” तो म्हणाला. उघड लिहिण्याच्या बाजूला मी होतो, आणि माझा पवित्रा जरा वीरश्रीचा होता. मी आइसलंडच्या गायिका-संगीतकार बियॉर्कचं उदाहरण दिलं. २०१५ मध्ये तिने मुलाखतीत सांगितलं होतं की तिने स्वतः केलेल्या निर्मितीचं श्रेय लिहिणारे तिच्यासोबतच्या पुरुषाला देतात. एवढ्या मोठ्या कलावतीच्या वाट्याला हे येतं, तर पुण्याच्या खोलीतल्या मुलीने गप्प का बसायचं?

गायिकेने खासगी पत्राचा मार्ग निवडला. पत्र चार ओळींचं होतं. आभार, आणि ‘पाचही चाली माझ्या आहेत, शब्द त्याचे, पुढे उल्लेख आला तर तसा यावा’.

दोघांनी ऑनलाइन लेखात लगेच दुरुस्ती केली. दोघांचं उत्तर आलं नाही. पुरवणीत छोटा खुलासा आला, पंधरा दिवसांनी, शब्दकोड्याच्या शेजारी. सहाव्याने मात्र तिला फोन केला. बोलणं असं झालं, तिने मला नंतर सांगितलं ते :

“मॅडम, माफ करा, चूक झाली. पण मी ते तुमच्याच टिपणातून घेतलंय. समोर उघडं आहे माझ्या. वाचून दाखवू?”

त्याने वाचून दाखवलं. ‘तिचा आवाज, त्याची वाद्यं आणि संगीत.’

ते टिपण मी लिहिलं होतं.

मी ते पुन्हा काढून वाचलं. पहिलंच वाक्य खेळण्यातल्या कीबोर्डबद्दल. दुसरं डब्यांबद्दल. ‘क्वर्की’ तिसऱ्यात. ‘निरागस’ चौथ्यात. रूपकाचा शब्दही नाही. मला वाटलं होतं ते कोण वाचणार, त्यापेक्षा गमतीने सुरुवात करू म्हणजे फाइल उघडतील तरी. आणि ‘संगीत’ हा शब्द मी वाद्यांना जोडून ‘वाजवणं’ ह्या अर्थाने लिहिला होता. निदान तेव्हा तरी तसं वाटलं होतं. त्या वाक्यात ‘संगीत’ तिच्या नावापुढे का आलं नाही, ह्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. म्हणजे देता येतं, पण ते बरं दिसत नाही.

कागदावर मांडलेले सहा लेख पुन्हा बघितले. विशेषणं माझी, क्रम माझा, चूकही माझी. समीक्षकांनी केलेलं कौतुक म्हणून जे आम्ही लॅमिनेट केलं होतं, त्यातला मोठा भाग मीच लिहून दिलेला होता.

लिहिणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. डिसेंबरात त्यांच्याकडे शेकडो फाइली येतात, आणि एका लेखाचं मानधन काय असतं ते मला त्यातल्याच एकाने सांगितलं. त्या पैशात रूपकाच्या मात्रा मोजत कोण बसेल? टिपण म्हणजे त्यांच्यासाठी तयार पीठ, पोळी तेवढी त्यांनी लाटायची.

दुसरा निर्णय : कागद

फेब्रुवारीपर्यंत दोघांत ‘अर्धं-अर्धं’ एवढाच तोंडी करार होता. कशाचं अर्धं, हे कधी बोललं गेलं नव्हतं. जाहिरातीच्या फोनने ते बोलायला लावलं.

इथे कायदा थोडा समजून घ्यावा लागला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे तीन पदर वेगळे धरतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, आणि ध्वनिमुद्रण तिसरंच. चाल करणारी ती संगीतकृतीची कर्ती. कुणी कोणतं वाद्य वाजवलं याने त्यात फरक पडत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराच्या हाताला चांगलं बळ दिलं : चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी हक्क दुसऱ्याला लिहून दिले, तरी त्या कृतीच्या वापराच्या मानधनातला समान वाटा मागण्याचा त्यांचा हक्क जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे सगळं आम्हाला एका वकील मैत्रिणीने एका बैठकीत, मिसळीवर, फी न घेता सांगितलं. पुढच्या बैठकीची फी तिने घेतली, आणि ते बरोबरच होतं.

एका पानाचा कागद झाला. शब्द त्याचे, चाली तिच्या, मांडणी आणि मुद्रण दोघांचं, उत्पन्न कशाचंही आलं तरी निम्मं-निम्मं. श्रेय जसं असेल तसं, पैसे समान. हा तोडगा तिने सुचवला. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. दोघांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेतलं, गीतकार म्हणून त्याने आणि संगीतकार म्हणून तिने. वितरण सेवेवर पाचही गाण्यांची श्रेयनामावली दुरुस्त केली. त्याला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं ऑगस्टमध्ये दिली असती तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

तीन अल्बमांच्या कराराचा मसुदा आला, त्यात मुदतीच्या जागी ‘कायमची’ आणि प्रदेशाच्या जागी ‘संपूर्ण विश्व’ होतं. “मंगळावर ऐकायला कोण आहे?” असं गायिकेने विचारलं. वकील मैत्रिणीने पाच वर्षांची मुदत सुचवणारं पत्र पाठवलं. उत्तर नम्र होतं आणि नकाराचं होतं. सही झाली नाही. बिस्किटांची जाहिरातही केली नाही, पण त्यात तत्त्वाचा भाग थोडाच होता. दोघांनी ‘चालीसकट घ्या’ म्हटल्यावर संस्थेने दुसरा डबेवाला शोधला.

तिसरा निर्णय : मैदान

महोत्सवाला आम्ही हो म्हणालो. हा निर्णय चुकला. का चुकला ते सविस्तर सांगतो, कारण अशी चूक करणारे आम्ही शेवटचे नाही.

बावीस मिनिटांची चाळीस करायला चार नवी गाणी केली, दोन पूर्ण झाली नव्हती तरी घेतली. दुपारी साडेतीनला आवाजाची तपासणी झाली. ऊन होतं, बुलबुल तरंग कीबोर्डशी जुळवून घेतलं. कार्यक्रम रात्री आठला. डिसेंबरातली पुण्याची रात्र, मोकळं मैदान. थंडीने तारा आकसल्या आणि वाद्य वर चढलं. कीबोर्डचे सूर तर कारखान्यात ठरलेले, ते कसले हलतात! दोन वाद्यांत जेमतेम पाव सुराचं अंतर असेल, पण मैदानावरच्या स्पीकरमधून ते दात शिवशिवल्यासारखं येत होतं. रंगमंचावर जुळवायला वेळ नव्हता, आणि बुलबुल तरंगाचं एक दुखणं असं की घाबरून बटणं जोरात दाबली की सूर आणखी चढतो. पेटीवाला घाबरला होता.

तरी लोक खूश होते. खरं दुखणं ते होतं.

तिसरं गाणं आजीचं. आजी ऐकू येण्याचं यंत्र काढून डबीत ठेवते, कारण आजोबा गेल्यापासून घरात ऐकण्यासारखं काही नाही. सुरुवातीला डब्याचे दोन ठोके आहेत, डबी बंद झाल्यासारखे. डबा वाजला आणि मैदान हसलं. प्रेमाने, उत्साहाने हसलं. त्यांनी वाचलं होतं की ही जोडी गमतीची आहे, डबे वाजवते. दुसऱ्या कडव्याला काही जण पुन्हा हसले. पुढच्या रांगेतली एक मुलगी मात्र हसायची थांबून शेजारणीकडे बघत होती, हे मला विंगेतून दिसलं.

गायिकेने तिथे एक गोष्ट केली. पुढचं ठरलेलं गाणं सोडलं, पेटीवाल्याला हाताने थांबवलं, आणि तानपुरा तेवढा चालू ठेवून जात्यावरच्या ओवीच्या चालीत आजीचंच गाणं पुन्हा, पहिल्यापासून गायली. डब्याशिवाय. हसू आलं नाही. टाळ्याही आधीपेक्षा कमी आल्या.

परतीच्या गाडीत मागच्या सीटवर दोघं दोन खिडक्यांना. मुंढव्यापासून डेक्कनपर्यंत कुणी बोललं नाही. मग पेटीवाला म्हणाला, “माझ्या शब्दांना हसले ते.” ती म्हणाली, “नाही रे. डब्याला.”

दुसऱ्या दिवशी महोत्सवाच्या वृत्तांतात जोडीबद्दल एक परिच्छेद आला. स्तुतीचा.

निष्पत्ती

पुढचं वर्ष त्यांनी कुठे कार्यक्रम केला नाही. दुसरी ईपी २०२४ च्या अखेरीस आली, सहा गाण्यांची. दोन नुसत्या तानपुऱ्यावर, एक फक्त कीबोर्डवर, तीनांत जवळजवळ सगळं. डबे एकाच गाण्यात आहेत. टिपण ह्या वेळी गायिकेने लिहिलं : प्रत्येक गाण्याचा ताल, चाल कुणाची, शब्द कुणाचे, कुठे मुद्रित केलं. एकही विशेषण नाही. मला ते वाणसामानाच्या यादीसारखं वाटलं आणि मी तसं म्हणालो. ती म्हणाली, “यादीच आहे. स्वयंपाक त्यांनी करावा.”

सहाच्या जागी दोन लेख आले. एकात निराशा होती, पहिल्या ईपीतला खट्याळपणा हरवला म्हणून. दुसरा एका मराठी लिहिणाऱ्याचा. त्याने दोन्ही ईपी शेजारी ठेवून ऐकल्या होत्या, आणि जुन्या छत्रीच्या गाण्यात सात मात्रा आहेत, पहिला ठोका मुद्दाम गिळलेला आहे, हे त्याने टिपणात नसताना ओळखलं होतं. गायिकेने तो लेख लॅमिनेट केला नाही. फोनमध्ये ठेवला आहे.

ऐकणाऱ्यांचा आकडा पहिल्या ईपीपेक्षा कमी आहे. शहरातल्या एका छोट्या नाट्यगृहात मात्र तिकीट लावून दोन प्रयोग केले, ते भरले, आणि पहिल्यांदाच खर्च वजा जाता दोघांच्या हातात काही पडलं. तिथे आजीचं गाणं डब्यासकट झालं. कुणी हसलं नाही. आधी ती ओवी गाते, मग डबा येतो, हा क्रम मैदानाने शिकवला.

पेटीवाल्याचं एक म्हणणं नोंदवून ठेवायला हवं, कारण ते माझ्या मताच्या उलट आहे. तो म्हणतो, ते चुकीचं टिपण गेलं नसतं तर एकही लेख आला नसता. तालांची यादी ऑगस्ट २०२२ मध्ये कुणी उघडलीच नसती. यादी उघडली गेली ती आधीच्या गमतीमुळे. हे मला खोडता आलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

श्रेयनामावली आणि निम्म्या वाट्याचा कागद ईपीच्या आधी व्हायला हवा होता. ह्यात चर्चेसारखं काही नाही.

टिपणाबद्दल माझं आजचं मत असं : गंमत एका वाक्यापुरती ठेवावी, आणि ती वाद्याबद्दल न ठेवता गाण्याबद्दल ठेवावी. ‘खेळण्यातल्या कीबोर्डवर रूपक’ एवढं लिहिलं असतं तरी गंमत राहिली असती आणि तीन रविवारही पोचले असते. हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, कारण ते तीन रविवार काय चाललं होतं हे मी तिला विचारलंच नव्हतं. मी हिशेब बघत होतो.

महोत्सवाला नाही म्हणायला हवं होतं, किंवा वीस मिनिटं मागायला हवी होती. वीस मिनिटं मागता येतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. नंतर त्याच संयोजकांशी सहज बोलताना कळलं की मागितली असती तर त्यांनी आनंदाने दिली असती, त्यांनाही ती जागा भरायची पंचाईतच होती.

दुरुस्तीच्या पत्राबाबत मी अजून डळमळतो. उघड लिहिलं असतं तर गोष्ट गाजली असती, आणि सगळं जग ज्याला खलनायक म्हणालं असतं ते टिपण माझंच निघालं असतं. तिने खासगी मार्ग घेतला तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. निदान ती तसं म्हणते.

तिसऱ्या ईपीची कामं सुरू आहेत. पेटीवाला मागच्या रविवारी जुन्या बाजारातून टाइपरायटर घेऊन आला. त्याच्या घंटीचा आवाज काळी चारला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, अगदी चिकटून लागतो, आणि ती काळी चारमध्येच गाते. दोघं तासभर त्याच्याशी खेळत होती. मी निघताना ती म्हणाली, “हे लिहायचं नाही हं कुठे.” पुढच्या आठवड्यात तिनेच निरोप पाठवला : इथे लिहिलंस तर चालेल, टिपणात नको.